विकलेला बेस परत दारात आला तर

प्रश्न : गेली नऊ वर्षं मी हौस म्हणून बेस गिटार वाजवतो. नोकरी सांभाळून आठवड्यातून एकदा आम्ही चौघं जमतो, एवढंच. दोन महिन्यांपूर्वी माझा चार तारांचा बेस ओळखीतल्याच एका हौशी वादकाला विकला. तो घरी आला, अर्धा तास वाजवून बघितला, पसंत पडला, पैसे देऊन घेऊन गेला. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. म्हणतो, नेक म्हणजे बेसचा दांडा वाकलाय, तारा फार उंच झाल्यात, दांड्याच्या आतला तो सरळ ठेवणारा ट्रस रॉड फिरतच नाही, आणि 'तुम्हाला हे माहीत असणारच'. खरं सांगतो, मला माहीत नव्हतं. नऊ वर्षांत मी त्या रॉडला हातसुद्धा लावलेला नाही. विकताना 'काहीच प्रॉब्लेम नाही' म्हणालो होतो, ते अगदी मनापासून. आता तो बेस परत घ्या म्हणतोय. त्यात मी हौसेने पिकअप (तारांचं कंपन टिपणारा भाग) आणि ब्रिज (बॉडीवर तारा अडकवायचा भाग) बदलले होते, त्याचे अर्धे पैसेही सुटले नव्हते. आलेल्या पैशांत भर घालून पाच तारांचा एक वापरलेला बेस घ्यायची बोलणी झाली आहेत. मी पैसे परत द्यावेत का? आणि या पाच तारांच्या बेसमध्ये माझीच फसगत झाली तर?

उत्तर : तुम्ही खोटं बोलला नाहीत, हे मला पटतं. का पटतं ते तुमच्याच पत्रात आहे. नऊ वर्षांत त्या रॉडला हात लावला नाही, म्हणजे तो फिरतो की नाही हे तुम्ही कधी पाहिलंच नव्हतं. मग 'काहीच प्रॉब्लेम नाही' हे वाक्य आलं कुठून? तुम्हाला म्हणायचं होतं, 'मला कधी त्रास झाला नाही.' दोन्ही वाक्यं कानाला सारखीच लागतात, पण दुसऱ्यात तुमचा अनुभव आहे आणि पहिल्यात हमी. त्याने पैसे मोजले ते हमी ऐकून. 'रॉड मी कधी तपासलेला नाही' एवढं एक वाक्य त्या दिवशी बोलला असतात, तर त्याने तिथेच किल्ली लावून बघितली असती, नाहीतर थोडी घासाघीस करून धोका स्वतःच्या शिरावर घेतला असता. तुम्हाला दोन पैसे कमी मिळाले असते, पण हा फोन आला नसता.

तरी पैसे परत द्या असं मी लगेच म्हणणार नाही. 'रॉड फिरत नाही' या तीन शब्दांत निदान तीन वेगळी दुखणी लपलेली असू शकतात, आणि त्यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिलं दुखणं किल्लीचं. ट्रस रॉडच्या नटाला कुठे इंचाच्या मापाची ॲलन की लागते, कुठे मिलिमीटरची. घरातल्या संचातली 'साधारण बसते' ती किल्ली घालून जोर लावला की ती आतल्या आत घसरते आणि माणूस म्हणतो, रॉड जाम आहे. बरोबर मापाची किल्ली घातली की तोच नट निमूटपणे फिरतो. दुसरं दुखणं, नट आट्यांच्या शेवटाला पोचलेला असणं. आधीच्या कोणीतरी आवळत आवळत तिथवर आणलेला असतो. जाणकार कारागीर नट काढून खाली एखादा वॉशर घालतो आणि पुन्हा थोडी जागा मिळते. हे कामही छोटंच. तिसरं मात्र खरं संकट : रॉड आत तुटलेला, किंवा नटाचा षटकोन झिजून पार गोल झालेला. तिथे नेक उघडण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

यातलं कुठलं आहे हे फोनवर कळणार नाही. म्हणून त्याला सांगा, 'बेस घेऊन ये, आपण दोघं मिळून कारागिराकडे जाऊ, तपासणीचे पैसे मी देतो.' दोघं मिळून हे महत्त्वाचं. एकट्याने दाखवून आणलेल्या निदानावर दुसऱ्याचा विश्वास बसत नाही, आणि मग ज्याचा त्याचा कारागीर ज्याची त्याची बाजू घेतो.

जाण्याआधी त्याला एक प्रश्न विचारा, पण उलटतपासणीच्या सुरात नको : तारा बदलल्यास का? चार तारा सुरात लावल्या की नेकवर मिळून साधारण 70-80 किलोचा ताण येतो. रॉडचं काम काय, तर आतून त्याच्या विरुद्ध ओढून धरायचं. तुमच्या बेसवर बारीक तारा असतील आणि त्याने जाड, नाहीतर जास्त ताणाच्या, गुळगुळीत वेढ्यांच्या फ्लॅटवाउंड तारा चढवल्या असतील, तर नेक पुढे झुकणारच. त्यात हवेतला दमटपणा बदलला की लाकूड हलतं. कालपर्यंत सरळ असलेला नेक आज वाकला, यात कोणाचंच पाप नसतं. रॉड असतो तो याचसाठी.

नेक किती वाकलाय ते तुम्ही स्वतःही पाहू शकता, उपकरण लागत नाही. बेस मांडीवर घ्या, सुरात लावा. डाव्या हाताने जाड तार पहिल्या फ्रेटवर (नेकवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) दाबून धरा, उजव्या हाताने तीच तार शेवटच्या फ्रेटवर. ताणलेली तार म्हणजे आयती पट्टीच. आता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यामधली फट बघा. साधारण 0.3 मिलिमीटर असली तर उत्तम, बारीकशी उजेडाची रेघ दिसते तेवढीच. बँकेचं कार्ड 0.76 मिलिमीटर जाड असतं. ते तारेला न उचलता आरामात आत सरकलं, तर नेकला खरोखर पोक आलंय. फट अजिबातच नसली, तर नेक एकदम सरळ आहे, नाहीतर उलटा, मागे गेलाय.

आता पैशांचं. किल्लीचा किंवा वॉशरचा मामला निघाला, तर खर्च तुम्ही द्या. भांडू नका, अर्धा-अर्धा म्हणू नका. हमी तुम्ही दिली होती. रॉड तुटलेला निघाला, तर बेस परत घ्या आणि पूर्ण पैसे द्या, दोन महिने झाले असले तरी. दोन महिने म्हणजे पुष्कळ झाले, त्याने अर्धा तास वाजवून पाहिला होता, वापरलेली वस्तू जशी आहे तशी विकली जाते, हे सगळं खरं आहे आणि अनोळखी माणसाशी व्यवहार असता तर मी ते तुमच्या बाजूने मांडलंही असतं. पण बेस वाजवणारे असतात किती? दहा गिटारवाल्यांमागे एक. आज ज्याला विकलात, त्याच्याकडूनच चार वर्षांनी तुम्ही अँप घेणार आहात.

एकच अपवाद. नटाचा षटकोन पाहा. कडा ताज्या खरवडलेल्या असल्या, आतलं धातू चकचकीत उघडं पडलं असलं, तर किल्ली अलीकडेच घसरलीय. तशीच खूण जुनी असेल, तर ती मळून काळवंडलेली असते. ताजी खूण निघाली तर नुकसान त्याच्या हातून झालंय, आणि ते कारागिराच्या तोंडून त्याच्यासमोर आलं की पुढचं बोलणं सोपं होतं. तेव्हा मात्र खर्च वाटून घ्या.

आणि रॉड तुटलेलाच निघाला, तरी तुमचा बेस मातीमोल झाला असं समजू नका. नेक स्क्रूने बसवलेला आहे का पाहा, बॉडीच्या पाठीवर चार स्क्रू आणि पट्टी दिसेल. अमेरिकेतले गिटार बनवणारे लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये प्रिसिजन बेस आणला तो याच रचनेचा : नेक वेगळा, बॉडी वेगळी, मधे स्क्रू. नेक खराब झाला तर नवा लावा, इतका रोखठोक विचार. सात दशकांनंतर आजही त्याचा फायदा आपल्यासारख्यांना होतो. तुमचाही तसाच असेल, तर टाचेची, म्हणजे नेकच्या बॉडीत बसणाऱ्या टोकाची रुंदी आणि स्केलची, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी मोजून दुसरा नेक बसवता येतो. नेक बॉडीत चिकटवलेला असेल, तर मात्र हिशेब बदलतो.

पिकअप आणि ब्रिजच्या पैशांबद्दल तुम्ही हळहळताय. सोडून द्या. आपला तो बाब्या हा न्याय वाद्याइतका दुसऱ्या कशाला लागू पडत नसेल. आपण घातलेली प्रत्येक वस्तू आपल्याला सुधारणा वाटते. घेणाऱ्याच्या दृष्टीने ती फक्त तुमची आवड असते, आणि त्याची आवड वेगळी निघाली की ती उलट अडचण होते. मूळ भाग जपून ठेवायचे, विकताना ते परत बसवायचे आणि बदललेले भाग वेगळे विकायचे, हाच त्यातला शहाणा मार्ग. जुन्या, संग्राहकांच्या वाद्यांत तर हे फारच कडक असतं. तिथे मूळ रंग खरवडून नवा चढवला तरी किंमत धाडकन उतरते. नॉबच्या खाली आत बसवलेल्या पॉटच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या) पाठीवरचे आकडे वाचून लोक वय काढतात : 1376624 असं असेल तर 137 म्हणजे सीटीएस ही कंपनी, 66 म्हणजे 1966, आणि 24 म्हणजे त्या वर्षाचा 24वा आठवडा. तुम्हाआम्हाला इतक्या खोलात जायचं कारण नाही, पण नॉबच्या खालच्या डाखाला उगाच हात लावू नये एवढं त्यातून घ्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न. दुधाने तोंड पोळलंय म्हणून ताक फुंकून प्यायचं, ते ठीकच आहे, फक्त फुंकर योग्य जागी मारा.

मी एकदा एक बेस संध्याकाळच्या वेळी, विकणाऱ्याच्या भल्यामोठ्या अँपवर ऐकून घेतला होता. खोलीतल्या खिडक्या थरथरत होत्या, मी खूश. घरी आलो, रात्री कोणाची झोप मोडू नये म्हणून अँपशिवाय वाजवायला बसलो, आणि पातळ तारेच्या सहाव्या फ्रेटवर सूर मेला. म्हणजे वाजला, आणि मांजर फटीतून निसटावं तसा क्षणात नाहीसा झाला. पाचव्यावर ठणठणीत, सातव्यावर ठणठणीत, सहाव्यावर थप्प. याला डेड स्पॉट म्हणतात. नेकचं स्वतःचं कंपन त्या सुराशी जुळतं आणि तारेची ऊर्जा नेक गिळून टाकतो. 'जी' या सर्वांत पातळ तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास हे बऱ्याच बेसवर थोडंफार असतंच, चांगल्या चांगल्या कंपन्यांच्याही. हेडस्टॉकला, म्हणजे नेकच्या खुंट्यांकडच्या टोकाला, एखादं वजन अडकवलं की ती जागा थोडी सरकते, असाही एक देशी उपाय. विकणाऱ्याने मला फसवलं नव्हतं, मीच त्याच्या अँपला भुललो होतो.

म्हणून पहिली दहा मिनिटं केबल लावूच नका. शांत खोलीत, बेसची बॉडी हनुवटीला नाहीतर छातीला टेकवून, प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा वाजवा. कंटाळवाणं काम आहे, विकणारा चुळबुळ करेल, करू दे. कुठे तार खरखरते, कुठे सूर लगेच विझतो, हे अँपपेक्षा हाडांतून जास्त कळतं. मग बॉडीच्या टोकाकडून डोळा लावून नेककडे बघा, बंदुकीच्या नळीतून बघतात तसं. दोन्ही कडा सारख्या वळणाने जायला हव्यात. पुढे-मागे वाकलेला नेक रॉडने सुधारतो. पीळ पडलेला नेक, म्हणजे एक कड वर आणि दुसरी खाली चाललेली, तो रॉडने सुधारत नाही. पीळ दिसला तर आभार मानून उठा, किंमत कितीही उतरवून देऊ करत असले तरी.

फ्रेटांवर तारांखाली खाचा पडलेल्या असतात, विशेषतः पहिल्या पाचांत. नख फिरवा. नखाला जेमतेम जाणवेल अशी खाच असली तर घासून सपाट करता येते. नख अडकून बसतं अशी असेल, तर पुढेमागे फ्रेट बदलावे लागतील आणि तो खर्च किमतीतून वजा व्हायला हवा. नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांच्या पट्टीवरून जातात तिलाही नटच म्हणतात. तिच्या मागे, हेडस्टॉक सुरू होतो तिथेही नख फिरवा. तिथली तडे गेलेली आणि चिकटवलेली जागा रंगाखाली लपते, नखाखाली लपत नाही.

पाच तारांच्या बेसवर सगळा खेळ त्या जाड बी तारेचा. तिचा मोकळा सूर साधारण 31 हर्ट्झ, ई तारेचा 41. छोट्या सरावाच्या अँपमधून 31 हर्ट्झ नीट बाहेरच पडत नाही, तेव्हा तिथे 'बी जरा बसकी वाटते' म्हणून बेसला दोष देऊ नका, आणि मोठ्या अँपवर घुमली म्हणून हुरळूनही जाऊ नका. त्यापेक्षा बी तारेचा पाचवा फ्रेट आणि मोकळी ई, हा एकच सूर आलटून पालटून वाजवा. दोन्हींचा पोत थोडा वेगळा असणारच. पण एक स्वच्छ आणि दुसरा गोणपाटात गुंडाळल्यासारखा येत असेल, तर आधी विचारा की तारा किती जुन्या आहेत. उत्तर 'आठवत नाही' असं आलं, तर दोष तारांचा असण्याचीच शक्यता मोठी. तारा नव्या असूनही असंच वाजत असेल, तर तो त्या बेसचा स्वभाव समजा.

पाच तारांचे बरेच बेस ॲक्टिव्ह असतात, आत नऊ व्होल्टची बॅटरी असते. जाताना खिशात एक नवी बॅटरी घेऊन जा. विकणारा म्हणेल, बॅटरी जरा उतरलीय म्हणून आवाज असा येतो. मग तुमची घाला आणि बघा. जुनी काढाल तेव्हा कप्प्यात हिरवट-पांढरी पूड दिसते का पाहा. बॅटरी आत फुटून गळली असेल तर ती पूड क्लिपच्या तारांपर्यंत पोचलेली असते. नॉब फिरवताना कर्रकर्र आवाज आला तर घाबरू नका, फवाऱ्याने साफ होतो. पण त्याच कर्रकर्रीवर पैसे कमी करून मागायला माझी काहीच हरकत नाही.

आणि उभं राहून वाजवा, पट्टा लावून, निदान पंधरा मिनिटं. हे नव्वद टक्के हौशी लोक करत नाहीत, मीही करत नव्हतो. बेसचं वजन चार किलोच्या आसपास असतं, पाच तारांचा बऱ्याचदा त्याहून जास्त. खुर्चीत बसून वाजवताना ते मांडी उचलते, तालमीत खांद्याला उचलावं लागतं. उभं राहून दोन्ही हात सोडा. हेडस्टॉक जमिनीकडे झुकला, तर पुढची सगळी वर्षं तुमचा डावा हात सूर लावायच्या ऐवजी नेक तोलून धरण्यात जाणार.

मग तोंडाने विचारायचं. 'काही प्रॉब्लेम आहे का?' असं विचारू नका, त्याचं उत्तर तुम्ही स्वतः काय दिलं होतं ते तुम्हाला माहीत आहे. असं विचारा : यातलं तुम्ही काय काय तपासलंय आणि काय कधीच तपासलं नाही? ट्रस रॉड शेवटचा कधी फिरवला? कुठला भाग बदललाय? 'ते मी कधी पाहिलं नाही' असं सरळ सांगणारा माणूस भेटला, तर त्याच्याकडून दोन पैसे जास्त देऊनही घ्या. रॉड त्याच्यादेखत, त्याच्याच हाताने, पाव फेरा सैल आणि पाव फेरा घट्ट करून घ्या. तो बिचकला तर कारण विचारा.

सीरियल नंबरचा फोटो काढा आणि मूळ खरेदीचा कागद, जुना फोटो, काहीतरी मागा. यात संशय घेतल्यासारखं वाटतं म्हणून लोक भिडेपोटी टाळतात. बीटल्समधले पॉल मॅकार्टनी यांचा 1961 मध्ये हॅम्बुर्गला घेतलेला हॉफनर बेस 1972 मध्ये चोरीला गेला, आणि तो सापडून त्यांच्याकडे परत आल्याचं जाहीर झालं 2024 मध्ये. मधली पन्नासहून जास्त वर्षं तो कोणाच्या ना कोणाच्या घरात होताच. चोरीची वाद्यं हातोहात फिरतात, आणि शेवटच्या हातातल्या माणसाला काहीच ठाऊक नसतं. शेवटचा हात तुमचा नको.

व्यवहार ठरला की अर्ध्या पानावर लिहून घ्या : दोघांची नावं, तारीख, सीरियल नंबर, काय बदललेलं आहे, काय तपासलेलं नाही, आणि काही निघालं तर किती दिवसांत परत. दोन आठवडे पुरेत. मित्रांत लिहून काय घ्यायचं, असं वाटतं खरं, पण ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

तुमचा क्रम असा राहू द्या : आधी जुन्याचा निकाल, मग नवा बेस. पाच तारांवाल्याला आजच सांगा की एक जुना व्यवहार अडकलाय, दोन आठवडे थांबाल का. थांबला तर चांगलं, नाही थांबला तर वापरलेले बेस पुन्हा विकायला येत राहतात. भरीस पडून दोन्हीकडे अडकू नका. आणि तुमचा बेस घेतलेल्याला फोन कराल तेव्हा 'मला माहीत नव्हतं' हे वाक्य एकदाच म्हणा, दुसऱ्यांदा म्हटलं की ते सबबीसारखं लागतं. त्यापुढे म्हणा, 'मी न तपासता सांगितलं, ते चुकलं. बेस घेऊन ये.'

आणि हो, मूळ पिकअप आणि ब्रिज कुठे ठेवलेत ते आज रात्रीच शोधून काढा. बेस परत घ्यायची वेळ आली तर तुम्हाला तो त्या मूळ भागांसकट पुन्हा विकावा लागणार आहे, आणि ती पिशवी माळ्यावरच्या कुठल्या खोक्यात आहे हे दोन वर्षांनी कोणालाच आठवत नाही.